टाचण्यांचा नकाशा

साहेबांच्या खुर्चीमागे उपविभागाचा नकाशा होता आणि त्या नकाशाला निळ्या मखमलीचा पडदा होता. दोरी ओढली की पडदा सरकायचा. कोणी पुढारी, वरचा अधिकारी किंवा पेपरवाला आला, की साहेब चहाचे कप येईपर्यंत थांबत, मग उठत आणि दोरी ओढत. आत रंगीत टाचण्या. दरोड्याला लाल, घरफोडीला निळी, जनावरांच्या चोरीला हिरवी. पाहुणा म्हणायचा, "वा, शास्त्रशुद्ध!" साहेब मान खाली घालून हसायचे. त्या नकाशाकडे बघून चोर पकडायला निघालेला माणूस मात्र मी तिथे असेपर्यंत एकदाही पाहिला नाही.

टाचण्या मी लावत असे. आणीबाणी उठून थोडाच काळ झाला होता. माझे वडील पुलगावला प्राथमिक शाळेत मास्तर. मी संख्याशास्त्र घेऊन नागपूरहून बी.एस्सी. झाले होते आणि पोलीस खात्यात कनिष्ठ कारकून म्हणून लागले होते. ऑफिसचं गाव सांगत नाही. तिथले काही जण अजून पेन्शन खातात आणि मला त्यांच्याशी पुन्हा बोलायची इच्छा नाही. मी रोज सकाळी एस.टी.ने जायची आणि संध्याकाळी परत यायची. ऑफिसात बाई म्हणून मी एकटीच. पहिल्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावून दोन सूचना दिल्या. आकडे सुवाच्य लिहायचे, आणि लाल टाचण्या जपून वापरायच्या.

"संपतात का लवकर?" मी विचारलं.

"नाही हो. डोळ्याला वाईट दिसतात."

मी त्यावर हसले नाही, कारण तेव्हा माझा आकड्यांवर विश्वास होता. मोजलं की कळतं असं मला कॉलेजात शिकवलं होतं आणि ते मला पटलं होतं. दर महिन्याला उपविभागातल्या ठाण्यांची विवरणपत्रं यायची. कुठे काय झालं, किती वाजता, कोणत्या वारी, कोणत्या पद्धतीने. त्यावरून गुन्हेगार कसा चालतो ते ओळखायचं, आणि तो पोहोचायच्या आधी शिपाई तिथे उभा करायचा. कल्पना चांगलीच होती. ती कोणाच्या हातात पडली होती, ते मला कळायला वेळ लागला.

महिन्याची आढावा बैठक म्हणजे चारचौघांत चालणारी लबाडी होती. ठाणेदार येताना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा बघून येत आणि यंदाचा त्याहून थोडासा कमी आणत. फार कमी आणला तर संशय येतो, म्हणून थोडासाच. एक जाडे ठाणेदार होते, त्यांच्या विवरणपत्रात सगळीकडे शून्य. साहेब बाकीच्यांना म्हणत, "यांच्याकडून शिका." नकाशावर त्यांचा मुलूख पांढराशुभ्र होता. मला वाटायचं, हा माणूस काहीतरी फार चांगलं करत असणार. मी असली भोळी होते.

मग भांड्यांच्या चोऱ्या सुरू झाल्या. कापूस वेचणीच्या दिवसांत गावं दिवसा रिकामी पडतात. बाया सकाळीच ओटी बांधून वावरात जातात, पोरं शाळेत, दाराला कुलूप. संध्याकाळी परत येऊन बघावं तर घरातली तांब्यापितळेची भांडी नाहीत. गुंड, घंगाळ, पराती, पाण्याचा बंब. कुलूप तसंच्या तसं लावलेलं, दार शाबूत. ठाणेदारांच्या लेखी हा फुटकळ गुन्हा. मी मात्र आमच्या घरातली भांडी डोळ्यांपुढे आणत असे. आईच्या लग्नातली, काठावर तिच्या मामाचं नाव कोरलेली. बाईच्या स्वतःच्या नावाची म्हणून घरात जी वस्तू असते ती तीच.

मी या चोऱ्यांचा तक्ता करायला घेतला. कोणी सांगितलं नव्हतं. तारीख, वार, गाव, काय गेलं, कुलूप कसं होतं. आठवडी बाजाराशी जुळतं का बघितलं, नाही जुळलं. एस.टी.च्या वेळांशीही नाही. मग ठाण्यांतून एक रजिस्टर मागवलं. गावाबाहेर पालं टाकून राहणाऱ्या लोकांची नोंद त्यात असायची. कोणत्या दिवशी कुठे आले, कधी उठले. त्या तारखा माझ्या तक्त्यावर ठेवल्या. एकूण एक चोरी पालं जवळपास असतानाच झालेली होती.

मी धावत साहेबांकडे गेले. हे लिहितानाही माझी मलाच किळस येते, पण गेले धावतच.

साहेबांनी तक्ता उजेडात धरला. "बाई, हे तुम्ही केलंत?" म्हणाले. त्याच दिवशी शिपायाला पाठवून काळ्या टाचण्यांची डबी मागवली. पालांसाठी नवा रंग. मी एकेक काळी टाचणी निळीच्या शेजारी टोचली. संध्याकाळी आईला सांगितलं, साहेब खूश झाले म्हणून.

चौथ्या दिवशी दुपारी आर्वी रस्त्यावरच्या कोरड्या नाल्याजवळची पालं उठवली. दगडाचे पाटे-वरवंटे घडवून विकणारे, झिजलेल्या पाट्याला छिन्नीने पुन्हा टाके मारून, म्हणजे टाकवून देणारे लोक ते. कर्ते पुरुष सगळे धरून आणले. भांडं एकही सापडलं नाही. एका माणसाजवळ छिन्नी सापडली. दगड घडवणाऱ्याजवळ छिन्नीच सापडणार, पण पंचनाम्यात ती "कुलूप उघडण्याचे हत्यार" झाली. कुलूप एकही फोडलेलं नव्हतं, हे माझ्याच तक्त्यात लिहिलेलं होतं. त्या रकान्याकडे कोणी बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

त्या माणसाच्या गुडघ्यांवर त्यांनी तीन दिवस तपास केला. खात्यात त्याला तपासच म्हणत.

त्याची बायको ऑफिसच्या पायरीखाली येऊन बसली. कडेवर लेकरू. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. मी डबा खायला बाहेर आले तेव्हा तिने मला अडवलं.

"बाई, तुमीच का त्या कागदवाल्या?"

"शिपाई सांगे, बाईनं कागदात पाह्यलं म्हने, आमीच चोर. मले सांगा ना, कागदात आमी कुटं दिसलो तुमाले?"

माझ्याकडे उत्तर होतं. तारखा जुळतात, हे उत्तर होतं. ते तिच्यासमोर तोंडातून निघालं नाही. मी डबा न खाता आत गेले आणि दिवसभर आकड्यांची बेरीज चुकत राहिले.

आमच्या ऑफिसात एक जमादार होते. मूळचे रोहण्याचे, रिटायर व्हायला आलेले. कागदपत्रं लावायचं काम त्यांच्याकडे. साहेब त्यांना पंधरा वर्षांपूर्वीच्या फायली शोधायला लावत आणि त्यांच्या तोंडावर त्यांना अडाणी म्हणत. ते माझ्या टेबलाशी आले.

"बाई, एक गोष्ट इचारतो. मानसं आत हायेत, बरोबर? मंग चोऱ्या थांबल्या का?"

"थांबल्या ना. या पंधरवड्यात एकही नोंद नाही."

"चोरी नाई थांबली, बाई. लिहिनं थांबलं."

"माह्या साळीच्या घरची परात गेली परवा. रपट घ्या म्हने, तर ठानेदार सायबानं हाकलून देल्लं. चोर तं सापडले म्हने, आता कायची रपट!" ते जरा वाकले. "तुमी कागद पाहून राह्यल्या तो लिवलेला. न लिवलेला पाह्याचा असन तं त्या शून्यवाल्याच्या ठान्यात चला एक डाव."

दुसऱ्या दिवशी मी जमादारांबरोबर जाड्या ठाणेदारांच्या ठाण्यात गेले. साहेबांना अर्जांची यादी हवी आहे, असं खोटं सांगितलं. ठाणेदार आरामखुर्चीत पाय वर करून बसले होते. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे फेकला आणि म्हणाले, "घ्या, बाई, करा यादी. तेवढीच अलमारी साफ होईल."

अलमारीत अर्जांची गाठोडी होती. सुतळीने बांधलेली, वाळवी लागलेली. रपट लिहून घ्यायला नकार दिला की लोक अर्ज देऊन जात; तो घ्यावा लागतो म्हणून घेत आणि अलमारीत कोंबत. बहुतेक अर्ज शाळकरी पोराच्या अक्षरात, वहीच्या पानावर. मी दोन दुपारी तिथे बसले आणि एकेक वाचून काढला. ठाणेदारांनी तीन वर्षांत त्यातला एकही वाचला नसावा, कारण पानं एकमेकांना चिकटलेली होती.

पालं दूर, पार अमरावतीच्या बाजूला असतानाही चोऱ्या होतच होत्या. तीच भांडी, तेच शाबूत कुलूप. त्या नोंदवल्याच नव्हत्या. पालं गावाजवळ आली की बाकीची ठाणी तेवढ्या दिवसांत रपट लिहून घेत, कारण मग आरोपी तयार असे. म्हणजे माझ्या तक्त्यात ज्या तारखा जुळल्या होत्या त्या चोराच्या आणि पालवाल्यांच्या नव्हत्या. पालवाल्यांच्या आणि ठाणेदारांच्या लेखणीच्या होत्या. जे दिसू दिलं होतं तेच मी मोजलं होतं आणि त्याला शास्त्र म्हटलं होतं.

आणखी एक गोष्ट त्या अर्जांमध्ये होती. "आठ दिवसा आधी भांडेवाल्याची बंडी आली होती." दुसऱ्यात, "कुलूप नवे, दिवाळीत बंडीवाल्याकडून घेतलेले." तिसऱ्यात, "आमचा संशय बंडीवाल्यावर आहे." एका बाईने तर नातवाकडून लिहवलं होतं की कुलपासोबत दोन किल्ल्या येतात, बंडीवाल्याने एकच दिली, दुसरी हरवली म्हणाला. ही बैलबंडी तालुक्याच्या मोठ्या भांड्यांच्या दुकानाची. जुनं भांडं घेऊन नवं देणारी, सोबत कुलपं विकणारी. गावोगाव फिरते, घरात काय आहे ते बघते, आणि वेचणीला कोणतं घर कधी रिकामं होतं हे तिच्या गड्याला ठाऊक असतं.

चोर कोण ते लोकांनी आपल्या हाताने लिहून पोलिसांना दिलं होतं. नकाशा नको होता, टाचण्या नको होत्या, माझी डिग्रीही नको होती. गुन्ह्यांचं विश्लेषण म्हणून ज्याचा एवढा गाजावाजा होता ते एवढंच होतं: आलेला कागद वाचणे. तेवढं काम सोडून खात्यात बाकी सगळं चालत होतं.

मी यादी साहेबांपुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, हे कबूल करते. वाचून चेहरा पडला, पण पालवाल्यांसाठी नाही.

"बाई, हे सगळे अर्ज नोंदवले तर माझ्या उपविभागात घरफोड्या किती दिसतील, कल्पना आहे?"

"पण त्या झाल्याच आहेत ना, सर."

"झाल्या असतील. दिसल्या नव्हत्या." त्यांनी यादीची घडी घातली. "आणि ते दुकान कोणाचं आहे माहीत आहे ना? आपल्या पोलीस क्रीडा स्पर्धांचे सगळे कप त्यांनीच दिलेत. सज्जन माणूस."

"मग त्या माणसाला तरी सोडा, सर. त्याचे गुडघे..."

"तो तक्ता तुमचाच आहे," साहेब म्हणाले. "तुमच्याच तक्त्यावर तो आत आहे. आता तुम्हीच म्हणता तो चूक आहे? तुम्हा मुलींचं काही एक ठरत नाही."

त्यांनी यादी खणात टाकली आणि पेपर उघडला. इतका हलका माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि इतक्या हलक्या माणसापुढे मी तक्ता घेऊन धावत गेले होते.

यादीची दुसरी प्रत माझ्याकडे होती. मी पुलगावच्या पोस्टातून कार्डं आणली आणि ज्या ज्या बाईच्या नावाने अर्ज होता तिला एकेक पाठवलं. खाली सही नाही. मजकूर एवढाच: येत्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला या, अमुक चौकातल्या भांड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत आपली भांडी बघून घ्या, एकट्या येऊ नका. मागच्या खोलीचं जमादारांनी सांगितलं होतं. जुनी भांडी वितळवायला पाठवायच्या आधी तिथेच ठेवत.

बाजाराच्या दिवशी अकराच्या सुमारास बाया आल्या. चारपाच गावांच्या, नऊवारी खोचून, हातात रिकाम्या पिशव्या. मी समोरच्या टायपिंगच्या दुकानात रिबन घ्यायच्या निमित्ताने उभी होते. दुकानदार गादीवरून उठून म्हणाला, "काय पायजे, माय?"

"भांडे पाह्याचे हायेत," पुढची म्हातारी म्हणाली आणि त्याच्या बाजूने सरळ आत गेली. पाठोपाठ बाकीच्या. गड्याने हात आडवा केला, तर दोघींनी तो नुसता खाली केला. थोडा वेळ आतून भांड्यांचा खणखणाट तेवढा आला. मग म्हातारी एक गुंड पोटाशी धरून बाहेर आली. काठावरचं नाव कानसीने घासलं होतं, अर्धंच.

"हे पाहा, माह्या भावाचं नाव. 'राव' तेवढं राहून गेलं. अर्धंच काऊन खोडलं रे? हात दुखला का तुहा?"

रस्त्यावर माणसं जमली. बाया भांडी मांडीवर घेऊन दुकानातच बसल्या. पोलीस येऊन रपट लिहिल्याशिवाय उठत नाही म्हणाल्या. ठाणं हाकेच्या अंतरावर होतं, तरी पोलिसांना यायला दुपार झाली. एवढ्या लोकांदेखत लिहिण्यावाचून इलाज नव्हता. बंडीवाल्या गड्याच्या पेटीत किल्ल्यांचा झुबका सापडला. दुकानदाराला काही माहीत नव्हतं. सज्जन माणसाला माहीत नसतंच. गडी आत गेला, दुकान चालू राहिलं.

पुढच्या आठवड्यात पेपरात बातमी आली. साहेबांचा फोटो, मागे नकाशा, पडदा बाजूला सारलेला. गुन्ह्यांच्या शास्त्रीय विश्लेषणातून भांडीचोर जाळ्यात. साहेबांना वरून प्रशस्तिपत्र मिळालं आणि ते त्यांनी काचेच्या चौकटीत लावलं. काळ्या टाचण्या मी विचारल्याशिवाय उपटल्या आणि कचऱ्यात टाकल्या. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पालवाल्यांना सोडलं. छिन्नीचा पंचनामा फायलीतून नाहीसा झाला; कागदावर आता त्यांना धरलंच नव्हतं, त्यामुळे सोडल्याचीही नोंद नाही. तो माणूस दोघांच्या खांद्यावर हात टाकून फाटकाबाहेर गेला. मी खिडकीतून बघितलं, खाली उतरले नाही.

पोस्टकार्डांचा छडा मात्र लागला. कोणाकडून तरी एक कार्ड साहेबांच्या हाती आलं. त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांची अक्षरं मागवली, भिंग घेऊन वळणं जुळवली, शिक्का कुठल्या पोस्टाचा आहे ते बघितलं, कोण कुठून येतं-जातं ते विचारलं आणि तीन दिवसांत माझ्यापर्यंत पोहोचले. त्या ऑफिसाने माझ्यादेखत केलेला तो एकमेव खरा तपास. माझी बदली वर्दीच्या भांडारात झाली, दुसऱ्या गावी. तिथे मी बूट आणि पट्टे मोजत असे. जमादार निरोप द्यायला एस.टी.पर्यंत आले. म्हणाले, "चांगलं झालं, बाई. बूट तं खोटं नाई बोलत." ते त्याच वर्षी रिटायर झाले.

दीडेक वर्षाने मी एका कामासाठी आष्टीला गेले होते. बाजाराचा दिवस होता. एका झाडाखाली पाटे-वरवंटे मांडलेले आणि मागे तीच बाई. नवरा शेजारी पाय लांब करून बसला होता. घडवायचं काम आता कोण करतं कळेना. तो बसल्या बसल्या पाट्यांवरची धूळ फडक्याने पुसत होता. मी उकिडवी बसले, एक पाटा उचलून पाहिला. काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, "हा टाकवलेला आहे का?"

तिने मला ओळखलं होतं. माझ्या हातातला पाटा तिने काढून घेतला. हिसकावला नाही, सावकाश घेतला.

"तुमाले इकाचा नाई, बाई."

"मी चुकले होते," मी म्हटलं. "तो कागद खोटा होता."

"मले ठाऊक होतं तवाच," ती म्हणाली. "तुमाले मांगून ठाऊक झालं."

नवऱ्याने वर बघितलंही नाही. मागे एक गिऱ्हाईक उभं होतं, तिने त्याला जागा करायला मला हाताने बाजूला व्हायला सांगितलं. मी उठले. ती त्या माणसाला पाटा दाखवू लागली, अंगठ्याने छिन्नीचे टाके तपासून, हसत, भरभर बोलत.